चौकशी खिडकी : आधी गाठ शोधा, मग पिशवी भरा

भुसावळ स्टेशनच्या चौकशी खिडकीत मी ३१ वर्षं काढली. निवृत्त झाले तरी विचारणारे थांबले नाहीत. बाजारात वांगी घेताना, लग्नाच्या पंगतीत कोणीतरी जवळ सरकतंच, ‘ताई, अमुक ठिकाणी जायचंय, कसं जाऊ?’ मला ते आवडतं. विचारून निघालेला माणूस निम्मा पोहोचलेला असतो.

या वेळच्या पत्रांना उत्तरं देण्याआधी एक सांगते. प्रत्येक प्रवासात एक गाठ असते. कपडे, खाणं, राहणं मागेपुढे करता येतं. पण ती एक गोष्ट चुकली की अख्खा प्रवास अडतो. कुठे ती बंदचा वार असते, कुठे परतीची शेवटची एसटी, तर कुठे आईचे गुडघे. आपण मोबाइलवर चार-चार तास व्हिडिओ बघतो आणि नेमकी तीच विचारायची राहते.

प्रश्न : आईवडिलांना केदारनाथ-बद्रीनाथ करायची फार इच्छा आहे. वडील ६८, आई ६४. आमची कापसाची शेती आहे, त्यामुळे मे महिनाच मोकळा असतो. एका टूरवाल्याने पैसे आत्ताच भरायला सांगितलेत. स्वतः जावं की टूरने? सुरुवात कुठून करू, तेच समजत नाही. — एक वाचक, पारोळा तालुका

भाऊ, सुरुवात पंचांगापासून करा. केदारनाथची दारं कधी उघडणार ते महाशिवरात्रीला उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होतं. बद्रीनाथची तारीख वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात ठरते. गंगोत्री आणि यमुनोत्री साधारणपणे अक्षय्य तृतीयेला उघडतात, म्हणजे आपली आखाजी. त्यामुळे महाशिवरात्रीच्या आधी कोणी तुम्हाला ‘केदारनाथचं अमुक तारखेचं दर्शन पक्कं’ म्हणत असेल, तर त्याला विचारा की तारीख कोणी सांगितली. तोवर फार तर थोडी इसार रक्कम द्या, पूर्ण पैसे देऊ नका.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. पूर्वी १२० दिवस होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० झाले. म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी ८ वाजता तिकिटासाठी बसायचं. महाशिवरात्री त्याआधी होऊन गेलेली असते, तेव्हा हे गणित चांगलं जुळतं. आधी देवाची तारीख, मग उत्तराखंड सरकारची यात्रेची नोंदणी (ती सक्तीची आहे, नोंदणीशिवाय वर सोडत नाहीत), मग गाडी. लोक उलटं करतात. आधी गाडीचं तिकीट काढतात आणि मग नोंदणीत ती तारीख भरलेली निघते.

आईवडिलांचं तिकीट तुमच्यापासून वेगळं काढा. हे मी खिडकीत हजार वेळा सांगितलं असेल. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. पुरुष ६० वर्षांचे आणि बाई ४५ वर्षांची पुरते. पण एका तिकिटावर एकटा किंवा दोघंच असले तरच तो मिळतो. मुलगा, सून, नातू सगळे एकाच तिकिटावर घातले की आजी वरच्या बर्थच्या शिडीकडे बघत बसते. तुम्ही दुसऱ्या तिकिटावर त्याच गाडीत, त्याच वर्गात चढा. डबा निराळा आला तर जेवणाच्या वेळी चक्कर मारा, पण त्यांना खाली झोपू द्या.

आता तुमच्या प्रवासाची खरी गाठ. बद्रीनाथला गाडी देवळाच्या जवळ जाते, तिथे चिंता नाही. केदारनाथला सोनप्रयागहून गौरीकुंडापर्यंत तिथल्या जीपने जायचं आणि पुढे १६ किलोमीटरहून जास्त चढ. देऊळ ३,५८३ मीटर उंचीवर आहे. आपलं जळगाव जेमतेम २०० मीटरवर. ४४ अंशांतून निघालेला माणूस तीन-चार दिवसांत अशा ठिकाणी पोहोचतो जिथे मेमध्येही रात्री पाणी गोठायला येतं आणि श्वास अर्धवट भरतो. दोघांनाही डॉक्टरांकडे न्या. नुसतं ‘तब्येत बरी आहे ना’ असं विचारू नका, ‘साडेतीन हजार मीटरवर न्यायचंय’ असं स्पष्ट सांगा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्यांचं काय करायचं ते लिहून घ्या.

आणि एक घरचा उपाय. फेब्रुवारीत दोघांना सप्तशृंग गडावर घेऊन जा. ट्रॉली आहे, पण या खेपेला पायऱ्यांनी चढवा. आई कुठे बसते, किती वेळा बसते, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो, ते बघा. माझ्या सासूबाईंना आम्ही असंच नेलं होतं. अर्ध्यावर त्या एका पायरीवर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘केदारनाथ मी घोड्यावरून करीन, पण करीन.’ त्या पायरीवर आमचं ठरलं. घोडा, डोली की हेलिकॉप्टर, हे घरी ठरलं की वर जाऊन रडारड होत नाही. हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतं आणि त्यालाही आधी यात्रेची नोंदणी लागते. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खोट्या साइट्स निघतात. व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड पाठवून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

टूरने जावं की स्वतः? तुमच्याबरोबर हिंडता-फिरता एक तरणा माणूस असेल तर स्वतः जाता येतं. टूरने गेलात तर दराच्या आधी मुक्कामाच्या गावांची नावं मागा. ‘केदारनाथजवळ मुक्काम’ असं कागदावर असतं आणि हॉटेल गुप्तकाशीच्याही अलीकडे निघतं. मग पहाटे दोनला उठून म्हाताऱ्यांना गाडीत कोंबावं लागतं. प्रत्येक रात्र कोणत्या गावात, हे लिहून द्यायला सांगा. जो लिहून देत नाही त्याच्याबरोबर जाऊ नका.

दोन दिवस मोकळे ठेवा. डोंगरात दरड आली की रस्ता बंद, आणि रात्री त्या रस्त्यांवर गाड्या सोडत नाहीत. हरिद्वारहून किंवा दिल्लीहून परतीचं तिकीट केदारनाथ उतरल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढलं, तर तो सबंध उतार तुम्ही घड्याळ बघत उतराल. मे महिनाच मोकळा म्हणता, म्हणजे मृगाच्या आधी घरी यायला हवं, मग मेच्या पहिल्या पंधरवड्यातच निघा. लागवडीच्या तोंडावर अडकलात तर देवापुढे उभं राहूनही शेतच दिसेल.

प्रश्न : आमची गाडी चुकली. तिकिटावर ‘००.३५’ होतं. आम्ही त्या तारखेला रात्री ११ वाजता स्टेशनवर हजर होतो, तरी गाडी आदल्या रात्रीच निघून गेल्याचं सांगितलं. यात आमचं काय चुकलं? — एक वाचक, चाळीसगाव

तुमचं पत्र वाचून मला एक रात्र आठवली. २० वर्षं तरी झाली असतील. थंडीचे दिवस होते. यावलकडचं एक कुटुंब खिडकीशी आलं. पुढे एक विशीतला मुलगा, डोकं भादरलेलं, हातात लाल कापडात बांधलेला कलश. वडिलांच्या अस्थी प्रयागला न्यायच्या होत्या. मागे आई, दोन काका, बोचकी. तिकीट माझ्यापुढे सरकवून म्हणाला, ‘गाडी कोणत्या फलाटावर येते?’

मी तारीख पाहिली. वेळ रात्री १२ वाजून ४० मिनिटं, आणि तारीख आजचीच. म्हणजे गाडी काल रात्रीची. ते जेव्हा घरी जेवून झोपले होते, तेव्हा त्यांची गाडी भुसावळहून सुटली होती. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा कागदावर काढून दाखवलं. मुलगा काही बोलला नाही. आई तेवढी म्हणाली, ‘आता काय करू वं माय?’ कलश खाली ठेवायचा नसतो, म्हणून रात्रभर तो हातात घेऊन तो फलाटावर बसला. मध्येच काका घ्यायचा, मग पुन्हा तो. पहाटेच्या गाडीत जनरलच्या डब्यात ते चढले तेव्हाही कलश त्याच्या छातीशी होता.

त्या दिवसापासून मी खिडकीत लाल पेन ठेवला. रात्री १२ नंतरची गाडी असेल तर माणसाच्या कागदावर लिहून द्यायची, ‘शुक्रवारी रात्रीचं जेवण करून स्टेशनवर यायचं.’ शनिवार लिहायचं नाही, शनिवार म्हटलं की लोक शनिवारी रात्री येतात. तुम्हीही तिकीट हातात आलं की तसंच करा, जेवणाने लिहा. आपली तारीख सूर्य उगवल्यावर बदलते, रेल्वेची १२ वाजता बदलते. तुमचं चुकलं ते एवढंच, आणि हे फार लोकांचं चुकतं.

यातलाच एक बारकावा आपल्या भागाच्या उपयोगाचा आहे. जळगाव-भुसावळला बऱ्याच गाड्या मुंबईहून रात्री निघून मध्यरात्रीनंतर येतात. आपल्यासाठी तारीख १२, पण मुंबईहून गाडी सुटते ११ ला. आरक्षणाचे ६० दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात. म्हणजे आपली खिडकी एक दिवस आधीच उघडते. तत्काळचंही तसंच. अशा गाडीचं तत्काळ १० तारखेला उघडतं, ११ ला नाही. एसी सकाळी १० वाजता, स्लीपर ११ वाजता. आता ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणी झालेलं खातं लागतं, ते आदल्या दिवशीच करून ठेवा. १० वाजून २ मिनिटांनी ओटीपी शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही.

प्रश्न : पुण्याचे पाहुणे येताहेत. सोमवारी त्यांना अजिंठा दाखवायचा बेत आहे. जळगावहून सकाळी निघालो तर दुपारी परत येता येईल का? — एक वाचक, जळगाव

सोमवारी अजिंठा बंद असतो. वेरूळ मंगळवारी बंद. पाहुण्यांना लगेच फोन करा.

दुसरा दिवस धरलात की मग ऐका. जळगावहून लेणी साधारण ६० किलोमीटर. पहूर, वाकोद, फर्दापूर असा रस्ता. गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर ठेवायची आणि तिथून सुमारे ४ किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. या बसच्या रांगेचा वेळ कोणीच धरत नाही. सुट्टीच्या दिवशी तिथेच तास जातो आणि दुपारी परत यायचा बेत कोलमडतो. सकाळी उघडतानाच पोहोचा आणि परतायचं संध्याकाळी, असं ठरवा. लेणी ३० आहेत. सगळी बघायच्या हट्टाने १० व्या लेण्यापाशीच पोरं कंटाळतात. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आणि २६ व्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती, या दोन्हींपाशी बसून वेळ घालवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटं लागतात. आत शिरलं-बाहेर आलं असं केलं तर चित्र दिसतच नाही. फ्लॅश मारू नका, रंग जातात. एप्रिल-मे असेल तर पाहुण्यांना सरळ सांगा की श्रावणात या. वाघूरच्या खोऱ्यात तेव्हा हिरवं असतं, पाणी कोसळत असतं. उन्हाळ्यात तो काळा दगड तापून नुसता भट्टी होतो.

प्रश्न : आम्ही सहा मित्र पावसाळ्यात धुळ्याहून बाइकवर तोरणमाळला जाणार आहोत. मॅपवर तीन तास दाखवतंय. राहायचं काही ठरवलेलं नाही, मिळेल तिथे राहू. अजून काय बघून ठेवावं? — एक वाचक, धुळे

पोरांनो, जा. तोरणमाळ बघायलाच हवं. यशवंत तलावावर ढग उतरलेला बघितला की आपण खान्देशातच आहोत यावर विश्वास बसत नाही. पण मॅपचे तीन तास विसरा. मॅप घाटातलं धुकं मोजत नाही आणि पावसाने वाहून आलेली माती तर नाहीच. सात पायरीच्या घाटात समोरचं १० पावलांवरचं दिसत नाही अशी वेळ येते. तुमची गाठ म्हणजे अंधार. दुपारी दोनपर्यंत शहादा सोडलं नाही, तर त्या दिवशी वर जायचं नाही, शहाद्यातच राहायचं. हे सहाही जणांनी धुळ्यातच कबूल करा. रस्त्यात ठरवायला गेलात की जो सगळ्यांत जोरात बोलतो त्याचं ऐकलं जातं.

पेट्रोलची टाकी शहाद्यात भरा. रोख पैसे तिथेच काढा. पुढे म्हसावद, राणीपूर अशी गावं लागतात, तिथे थांबून वरून आलेल्या जीपवाल्याला विचारा, ‘घाट कसा आहे?’ आज सकाळी वरून उतरलेल्या माणसाइतकी खरी बातमी कुठल्याच ॲपवर नसते. तापीवरच्या पुलांचंही निघायच्या दिवशी विचारा. पावसात वाहतूक वळवलेली असू शकते. मॅप फोनमध्ये उतरवून घ्या, घाटात रेंज जाते.

‘मिळेल तिथे राहू’ हे मात्र मला पटत नाही. वर राहायच्या जागा मोजक्या आहेत आणि पावसाळ्यातल्या शनिवारी सगळं धुळे-नंदुरबार तिकडेच निघतं. फोन करून खोली पक्की करा, आणि ‘खोली आहे’ एवढ्यावर थांबू नका. रात्रीचं जेवण मिळेल का, तेही विचारा. नऊनंतर तिथे कोणी चूल पेटवणार नाही. सीताखाईच्या कडेला ओल्या दगडावर फोटोसाठी उभं राहू नका. हे मी तुमच्या आईच्या जागी बसून लिहितेय. आणि तिथले पावरा, भिल्ल लोक आपल्याच जिल्ह्यांतले आहेत. त्यांच्या अंगणात, बायापोरांसमोर न विचारता मोबाइल उगारू नका.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाच्या २२ जणींना ओंकारेश्वर आणि उज्जैनला न्यायचं माझ्याकडे आलंय. मी कधी कुणाला कुठे नेलेलं नाही. एसटीचं अर्धं तिकीट उज्जैनपर्यंत चालतं का? बायका म्हणतात चालतं. — एक वाचक, शिरपूर

ताई, चालत नाही. महिलांची ५० टक्के सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे, आणि ७५ वर्षांवरच्यांचा मोफत प्रवासही तसाच. तुमच्या शिरपूरहून निघालं की पळासनेरपर्यंत अर्धं, पुढे बिजासनचा घाट लागला की पूर्ण. हे आजच सगळ्यांना सांगा. पैसे गोळा करताना अर्ध्या तिकिटाने गोळा केलेत आणि बसमध्ये कळलं, तर २२ जणींपुढे तुम्हाला खाली बघावं लागेल.

उज्जैनची गाठ भस्म आरती. ती पहाटे होते आणि मंदिराकडे आधी नोंदणी करावी लागते, ओळखपत्रासह. बायकांना साडी, पुरुषांना धोतर. त्यामुळे आधी नोंदणी कोणत्या तारखेची मिळते ते बघा आणि मग त्या तारखेभोवती बाकीचा प्रवास बसवा. ओंकारेश्वर आदल्या दिवशी करा. श्रावण सोमवार टाळा. भक्ती कमी पडते म्हणून नव्हे, २२ जणींना गर्दीत एकत्र ठेवणं होणार नाही म्हणून.

एक वही करा. प्रत्येकीचं नाव, वय, घरचा एक फोन नंबर, चालू औषधं. २२ जणींना चार गटांत वाटा आणि प्रत्येक गटाला एक मुख्य बाई नेमा. बसमध्ये चढल्यावर तुम्ही २२ डोकी मोजायची नाहीत, चौघींना विचारायचं. उज्जैनच्या मुक्कामाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून प्रत्येकीच्या बटव्यात ठेवा. फोनमध्ये नको, फोन मरतो आणि घाबरलेल्या बाईला स्वतःचा नंबरही आठवत नाही. पहिल्या दिवसाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. पुरणपोळीचा आग्रह कोणी केला तरी उन्हाळ्यात नको, दुसऱ्या दिवशी वास येतो. पैशांची पिशवी एकीकडे आणि हिशेबाची वही दुसरीकडे द्या, दोन्ही स्वतःकडे घेऊ नका. तुम्हाला दर्शनही घ्यायचंय.

आणि निघायच्या आदल्या दिवशी शिरपूर आगारात जाऊन विचारा की उज्जैनहून परतीची बस किती वाजता सुटते आणि शिरपूरला किती वाजता टेकते. रात्री उशिरा येणार असेल तर खेड्यावरच्या बायका घरी कशा जाणार, हे जातानाच ठरवून ठेवा. त्यांच्या घरून कोण घ्यायला येणार, त्याचं नाव त्याच वहीत लिहा.